आधी पाय, मग हाक

“आणि आवाज?” गोमाबुवांनी विचारलं.

“आवाज नाही ठेवला, बुवा.”

“ठेवला नाय… का नव्हताच?”

 मांडीवरच्या टॅबची काच शलाकाने ओढणीच्या टोकाने पुसली. काच स्वच्छच होती.

दोघं उघाडीवर बसली होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गावाची भातशेती, आणि मधे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने घातलेला मातीचा बांध. उघाडी म्हणजे त्या बांधाचं दार. ओहोटीला ते उघडायचं आणि शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरतीला फळ्या पाडायच्या, फटी चिखलाने आणि पेंढ्याने लिंपायच्या आणि खाडीला बाहेर थोपवायचं. चाळीस वर्षं हे दार गोमाबुवांच्या ताब्यात होतं. काचबिंदूने डोळे गेले तरी गावाने ते दुसऱ्याला दिलं नाही. बुवा पाण्याच्या आवाजावर दार चालवत.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात, आणि त्यांनी आधीच खूप ऐकून घेतलं आहे.

बुवा काही साधू नव्हते. कमरेला रुमाल, अंगात बंडी, हातात वेताची काठी आणि गालात तंबाखू. पण अडलेला माणूस उघाडीवर येऊन बसे, त्यांना काहीतरी विचारी, आणि बहुतेक वेळा आला होता त्याहून जास्त अडून घरी जाई.

शलाका सबनीस त्यांतलीच. राहणारी पुण्याची, काम कॅमेऱ्याचं. रसायनांनी रंगलेल्या नद्या, कचरा वेचणाऱ्या बायांचे हात, रातोरात उठवलेल्या वस्त्या, असं सगळं तिने फोटोंतून आणि व्हिडिओंतून मांडलं होतं. प्रदर्शनं होत होती, नाव होतं. चार वर्षांपूर्वी ती इथे खाडीकाठच्या तिवरांचे फोटो काढायला आली, तेव्हा बुवा म्हणाले होते, “ता यंत्र खाली ठेव, आनि पानी कवा फिरतंय ता मना सांग.” ओहोटी संपून भरती लागते, किंवा भरती संपून ओहोटी, तो नेमका क्षण. तो ओळखायला तिला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ती बुवांच्या पाया पडली आणि त्यांना गुरू म्हणाली. बुवा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आज ती त्यांना न्यायला आली होती. शनिवारी मुंबईत तिचं प्रदर्शन उघडणार होतं. मधल्या दालनात भिंतभर एकच चित्रफीत दिसणार होती. नाव ‘खांड’. दीड महिन्यापूर्वी, आषाढी अमावस्येच्या उधाणात, भर दुपारी हा बांध फुटला होता. तो फुटतानाची ही फीत. उद्घाटन बुवांच्या हातून व्हावं अशी तिची इच्छा होती. डोळे नसलेल्या माणसाच्या हातून. ही कल्पना तिची स्वतःची होती आणि तिला ती फारच आवडली होती.

“आवाज नाय तर मंग तूच सांग,” बुवा म्हणाले. “पयल्यापासून सांग.”

“एकच शॉट आहे, बुवा. बावीस मिनिटांचा. मधे कुठे कापलेला नाही. कॅमेरा जरासुद्धा हलत नाही.”

“हात चांगला हाय तुजा.”

“तिपाईवर होता.”

“मंग तिपाई चांगली.”

ती हसली. बुवा हसले नाहीत. त्यांची काठी बाजूच्या फळीशी लिंपण चाचपत होती. ही त्यांची रोजची सवय. समोर खाडी हळूहळू चढत होती. भाद्रपदाची पौर्णिमा होती, आजही उधाणच होतं. नव्याने घातलेल्या बांधाची माती अजून ओली होती. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून पडलं होतं. राखणीच्या पाळीवरची दोन माणसं पार बांधाच्या दुसऱ्या टोकाला दिसत होती, ठिपक्यांएवढी.

“सुरुवातीला नुसता बांध,” शलाका सांगू लागली. “मग खेकड्याच्या बिळातून पाण्याचा एक धागा येतो.”

“केवढा?”

“करंगळीएवढा.”

“मंग?”

“मग मनगटाएवढा. मग बाजूची माती सुटायला लागते. दहाव्या मिनिटाला माणूस शिरेल एवढं भगदाड. बाविसाव्या मिनिटाला अख्खा बांध खाली बसतो आणि खाडी शेतात घुसते. नुकती लावलेली रोपं होती ना… ओळीओळीने पाण्याखाली जातात.”

सांगता सांगता तिचा आवाज चढला. आजवरचं तिचं हे सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

“आणि अगदी शेवटी, बुवा… त्या गढूळ पाण्यावर एक थाळी तरंगत येते. रिकामी. जर्मनची थाळी. बस, तिथेच संपतं.”

बुवांची काठी थांबली.

“कुनाची थाली?”

“ते… काय माहीत.”

हे खोटं होतं. इथे थाळी कोणाची हे विचारावं लागत नाही.

या गावात बांधाची पाळी असते. उधाणाच्या दिवशी ज्याच्या घराची पाळी, त्याने थाळी घेऊन बांधावर फिरायचं. बांधाला भोक दिसलं, म्हणजे खांड पडू लागली, की काय करायचं हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आधी पाय, मग हाक. आधी भोकात स्वतःची टाच रोवायची, आणि मगच थाळी बडवून माणसं बोलवायची. जो आधी हाक मारायला धावतो, त्याच्या मागे बांध राहत नाही. शलाकालाही हे पाठ होतं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर तिने ते छापलं होतं, सुंदर अक्षरांत.

त्या दिवशी पाळी चांगुणाबाईची होती. बांध फुटला तेव्हा ती बांधावर नव्हती, घरी होती. तिची थाळी दुसऱ्या दिवशी शेतातल्या चिखलात सापडली. थाळी टाकून घरी पळाली, असं गाव म्हणालं. चाळीस एकरांत खारं पाणी शिरलं. आता तीन वर्षं तिथे गवतही धड येणार नाही. त्याच दुपारी चांगुणाबाईच्या सुनेला मुलगी झाली. लोकांनी बारशाची वाट न पाहता त्या पोरीचं नाव ठेवलं. ‘खांडी’.

चांगुणाबाई कोणाला काही बोलली नाही. विचारलं की एवढंच म्हणे, “माजीच चूक.”

आज पाणी उतरल्यावर, तीनच्या सुमाराला, गावदेवीच्या देवळात बैठक होती. तिच्या घराचं नाव पाळीतून उतरवायचं होतं. नाव उतरलं की त्या घरातल्या कोणी बांधावर पाय ठेवायचा नाही. उघाडीला सापडणाऱ्या मासळीत त्या घराला वाटा नाही. तिच्यानंतर मुलाला नाही, आणि त्या दीड महिन्याच्या पोरीलाही नाही.

आणि शलाकाला? तिला गावाने मानाचा नारळ दिला होता. शेवटी तिनेच ओरडून गाव जागं केलं म्हणून. तो नारळ पुण्याला तिच्या खिडकीत होता. दीड महिना झाला, तिने तो फोडला नव्हता.

“थाली कुठल्या बाजूनं आयली?” बुवांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तुज्या चित्रान. उजवीकडनं का डावीकडनं?”

“डावीकडून.”

“आनि तू कुठं उभी व्हतीस?”

शलाकाने खाडीकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला भर दुपारी झालं.

“डावीकडे,” ती म्हणाली.

बुवांनी मान हलवली.

“तुज्यासंगं कोन व्हता?”

“कोणी नाही.”

“…कोनीच?”

“शूट करताना मी एकटीच असते, बुवा.”

“मंग आवाज कनाला काढलास?”

“मौनात जास्त ताकद असते,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत. याच उघाडीवर.”

“मीच सांगितला,” बुवांनी कबूल केलं. “माजा बोलनं मलाच विकतंस. बरा हाय.” मग तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून ते म्हणाले, “पन मौन येगला, आनि तोंड दाबना येगला.”

तिला राग आला. चार वर्षं ती या माणसाच्या पायाशी बसली होती. तीन पावसाळे चिखलात काढले होते. या गावाचा बांध जगाला दिसावा म्हणून झटली होती. ही फीत पाहून शहरातली माणसं हळहळली असती. वर्तमानपत्रांत आलं असतं. एखादा अधिकारी जागा झाला असता, दगडी बांध झाला असता. एक बाई, एक पाळी, यापेक्षा हे मोठं नव्हतं का? हे सगळं तिने बुवांना सांगितलं. भरभर सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. ती नेहमीच चांगलं बोलायची.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

“आवाज हाय कुठं?” त्यांनी विचारलं. “टाकलास, का ठेवलास?”

“…मूळ कार्डावर आहे.”

“कार्ड?”

“पिशवीत.”

“म्हंजे टाकवला नाय तुज्यानं.”

तिने पिशवी जवळ ओढली. खाडी आता उघाडीच्या वरच्या फळीला लागली होती. पाणी भरलं की तिथे एक जडपणा येतो, फळ्या करकरतात. खाली, शेताच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी कोणीतरी बसलेलं तिला दिसलं. चांगुणाबाई. बांधावर येऊ नको असं गावाने आधीच बजावलं होतं, पण बांधाखाली बसायला कोण अडवणार? दर उधाणाला ती तिथे येऊन बसायची, आपल्या करपलेल्या शेताच्या कडेला. शलाकाने चटकन नजर काढून घेतली.

“बाय,” बुवा हळूच म्हणाले. “आयकायला येतंय काय?”

“काय?”

“आयक.”

“फळ्या वाजतायत.”

“फल्या नाय… त्यांच्या खाली.”

तिने कान दिला. काहीच नव्हतं. मग ती वाकली, आणि तिला दिसलं. चौकटीच्या उजव्या अंगाला, शेताच्या बाजूने, लिंपणातून पाण्याचा एक धागा उडत होता. करंगळीएवढा. उन्हात तो चमकत होता. तो सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोला.

आणि इथे तिचा हात तिच्या आधी हलला. वीस वर्षांची सवय. पिशवीच्या चेनवर बोटं गेली, चेन अर्धी उघडली…

“कनाची चेन ती?” बुवांनी विचारलं.

अगदी साध्या आवाजात विचारलं, बाजारात एखादा भाव विचारावा तसं.

शलाकाचा हात चेनवरच गोठला. पाण्याचा धागा दोन बोटांएवढा झाला. लिंपणाचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं.

मग तिने पिशवी टाकली. कुठे टाकली तेही पाहिलं नाही. चपला भिरकावल्या, शेताच्या बाजूने दोन पायऱ्या उतरली, चौकटीला पाठ लावली आणि उजवी टाच त्या भोकात घातली. आत थंड पाणी होतं, आणि त्याला केवढा जोर होता. व्हिडिओत हा जोर दिसत नाही. सगळी खाडी त्या टाचेवर येऊन उभी राहिल्यासारखं तिला वाटलं, आणि ती मनातून घाबरली.

“बुवा, पाय घातला.”

“घट?”

“घट्ट. पण बाजूने पाझरतंय. चिखल पाहिजे. कोणाला तरी बोलवा.”

“मी कनाला? पाय तुजा, तं हाक तुजी.”

“बुवा!”

“बोलव ना. कोन हाय जवल?”

तिने वळून पाहिलं. पाळीवरची माणसं लांब होती. वारा तिकडून इकडे होता, हाक पोचली नसती. जवळ एकच माणूस होतं. पन्नास पावलांवर.

शलाकाने तोंड उघडलं आणि मिटलं. टाचेच्या वरून पाण्याची एक नवी रेघ निघाली.

“त्या दिशी आवाजान काय व्हता?” बुवांनी विचारलं.

“आत्ता, बुवा? आत्ता?”

“मंग कवा? आता तुना कुठं जायचा नाय.”

खरंच जायचं नव्हतं. पाय काढला असता तर बांध गेला असता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

“ती आली होती,” शलाका म्हणाली. “चांगुणाकाकू. मी कॅमेरा लावत होते. म्हणाली, ‘सुनेच्या पोटान दुखतंय, घरान कोन नाय, जाऊन येते. बघशील ना, बाय?’ थाळी माझ्या तिपाईपाशी ठेवली.”

“तू काय बोललीस?”

“म्हटलं… ‘जा तुम्ही. मी आहे इथे.’”

“मंग?”

“मग ती गेली.”

“मंग?”

“मग भोक दिसलं.” ती थांबली. “करंगळीएवढंच होतं, बुवा. मला वाटलं, एक मिनिट घेते. मग पाय घालते. मग वाटलं, अजून एक. मग ते मनगटाएवढं झालं आणि… मग मला भीती वाटली पाय घालायची. आणि भीती वाटली म्हणून कॅमेऱ्यातच पाहत राहिले.”



“अजून हाय,” बुवा म्हणाले.

“नाही.”

“हाय.”

फळ्या करकरल्या. शलाकाने डोळे मिटून घेतले.

“मी बोलत होते,” ती म्हणाली. “माणसांचे फोटो काढताना आम्ही बोलतो ना, त्यांना धीर यावा म्हणून. तशी सवय लागते. मला कळलंसुद्धा नव्हतं. घरी जाऊन ऐकलं तेव्हा कळलं. बावीस मिनिटं मी त्या पाण्याशी हळूहळू बोलतेय. ‘छान… सुंदर… ये… अजून थोडं… अजून थोडं…’”



बुवांनी तोंड खाडीकडे वळवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं हे तिला खालून दिसत नव्हतं.

टाचेजवळचं आणखी एक ढेकूळ सुटलं. पाणी पोटरीवर उडालं. आता वेळ नव्हता.

“चांगुणाकाकू!”

खाली बसलेली बाई चमकून उठली. तिला पाणी दिसलं, शलाकाचा पाय दिसला. एका झटक्यात तिने पदर खोचला, बांधाच्या पायथ्याशी ठेवलेलं चिखलाचं घमेलं उचललं आणि धावली. पण पहिल्या पायरीपाशी येऊन ती थांबली. एखाद्या अनोळखी घराच्या दारात थांबावं तशी.

“मना बंदी हाय, बाय,” ती म्हणाली. “बांधाव यायची.”

शलाकाने श्वास घेतला. मग ती ओरडली. चांगुणाबाई पाच पावलांवर होती, तिच्यासाठी एवढं ओरडायची गरज नव्हती.

“पाळी माझी होती! त्या दिवशी पाळी माझ्याकडे होती! तुम्ही मला सांगून गेला होतात. थाळी माझ्यापाशी ठेवून गेला होतात. मी हो म्हटलं होतं. मी पाय घातला नाही. मी नुसती बघत बसले!”

एवढी हाक वाऱ्याविरुद्धही पोचली. बांधाच्या दुसऱ्या टोकाचे ठिपके हलले आणि इकडे धावू लागले.

चांगुणाबाईचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तिने पायरीवर पाय ठेवला. वर आली, गुडघ्यांवर बसली, आणि शलाकाच्या टाचेभोवती मुठीमुठीने चिखल दाबू लागली. पेंढ्याची वेणी करून फटीत कोंबली. पुन्हा चिखल. तिचे हात भराभर चालत होते.

“पाय हलवू नको,” ती म्हणाली.

“नाही हलवत.”

“टाच आत दाब. बोटा नको, टाच.”

“दाबलीय.”

धावत आलेली दोन माणसंही चिखल देऊ लागली. त्यांतला एक शलाकाकडे पाहायचा आणि परत खाली पाहायचा. कोणी काही विचारलं नाही. काम चालू असताना इथली माणसं विचारत नाहीत.

पाणी फिरेपर्यंत पाऊण तास गेला. शलाकाचा पाय बधिर झाला होता. आज तिला तो क्षण पाहून कळला नाही. टाचेवरचा भार हलका झाला, तसा कळला.

“फिरलं,” ती म्हणाली.

“फिरला,” वरून बुवा म्हणाले.

चांगुणाबाईने चिखल उकरून तिचा पाय मोकळा केला. पोटरीवरचा चिखल आपल्या हाताने निपटून काढला. मग टाचांवर बसून तिने पहिल्यांदा शलाकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“मना वाटला, तुना आयकायलाच नाय आयला,” ती म्हणाली. “तू त्या यंत्रान डोले घालून व्हतीस. बोललीस ‘मी आहे’, पन मना वाटला, असाच बोललीस, ध्यान नव्हता. पावनी बाई. तिच्या माथी कनाला मारायचा? पाळी माजी, मी दिली, मंग चूक माजीच.”

दीड महिना या बाईने तिला असं वाचवलं होतं. तिला ऐकूच गेलं नसेल, असं समजून.

शलाकाने तिचे चिखलाने भरलेले हात धरले आणि कपाळाला लावले. चांगुणाबाईने ते ओढून घेतले नाहीत, पण तिला जवळही घेतलं नाही. ते एवढ्यात व्हायचं नव्हतं, आणि ते शलाकालाही कळत होतं.

“तीनला देवळात मी येते,” शलाका म्हणाली. “सगळ्यांसमोर आवाज लावते. सगळा. माझा पण.”

“चल मंग,” चांगुणाबाई उठत म्हणाली. “पाय धू आदी.”

ती आणि दोन्ही माणसं पुढे गेली. आज चांगुणाबाई बांधावरून गेली, आणि तिला कोणी खाली उतरवलं नाही.

शलाका पिशवी शोधायला मागे राहिली. पिशवी उघाडीच्या कठड्याला अडकलेली होती, चेन अर्धी उघडी. कार्ड आत होतं. ती वळली आणि तिने सहज त्या भोकाकडे पाहिलं.

मग नीट पाहिलं.

चिखल धुपून बाजूला झाला होता आणि आतलं भोक स्वच्छ दिसत होतं. खेकड्याचं बीळ वाकडं जातं, तोंडाशी पसरट असतं. हे गोल होतं. सरळ, वरून खाली गेलेलं. वेताच्या काठीएवढं जाड.

तिने वर पाहिलं. बुवा आपल्या जागी बसले होते. काठी मांडीवर आडवी होती. तिचं टोक वीतभर ओल्या चिखलाने माखलेलं होतं, आणि त्याला पेंढ्याची एक काडी चिकटली होती. सबंध दुपार ती काठी तिच्या डोळ्यांसमोर होती.

“बुवा… हे तुम्ही केलंत?”

बुवांनी तोंड तिच्याकडे वळवलं.

“उधाणात? स्वतःच्या हाताने? आणि मी पाय घातला नसता तर? मी चेन उघडली होती, बुवा. तुम्हाला ऐकू आली होती ती. आत अजून साठ एकर भात उभं आहे. गाव झोपलेलं, तुम्हाला दिसत नाही… कोणाच्या भरवशावर केलंत हे?”

बुवांनी काठीचं टोक चाचपलं, पेंढ्याची काडी सोडवली आणि खाडीत टाकली. मग काठी टेकून ते उठले.

“तू व्हतीस ना हितं.”